कोकच्या बाटलीतली वाइन आणि आरेनीची गुहा

रस्त्याच्या कडेला एक टेबल, त्यावर कोकच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या ओळीने उभ्या, आणि आत जे आहे ते कोक नाहीये. जरा जवळून बघा, लेबल उन्हाने फिकं पडलंय, झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी बाटलीचं आहे, आणि आतला रंग काळपट लाल. ही घरी केलेली वाइन. गाव आरेनी, देश आर्मेनिया, आणि हा रस्ता असाच घाट चढत-उतरत इराणच्या बॉर्डरपर्यंत जातो. इराणी ट्रक ड्रायव्हर परत जाताना इथे थांबतात, तिकडे दारूबंदी, म्हणून वाइन कोकच्या बाटलीत, ही गोष्ट इथे सगळे हसत हसत सांगतात. आता मला विचाराल तर रिकामी बाटली फुकटात मिळते हेही कारण असणारच, शेतकरी इथून तिथून सारखाच.

आर्मेनिया म्हटलं की आपल्याकडे हल्ली एकच आठवतं, अमक्याचा मुलगा तिकडे राजधानीत, येरेवानला, डॉक्टरकी शिकायला गेलाय. बाकी देश काय, कुठे, फारसं कुणाला माहीत नसतं. महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश एवढा देश, समुद्र नाही, जिकडे बघाल तिकडे डोंगर, आणि ते डोंगरही हिरवेगार नाहीत तर आपल्याकडे मे महिन्यात सटाणा-मालेगावकडचे दिसतात तसे, भाजून निघालेले. ढग बाहेरच्या रांगांवरच अडतात, आत उरतं ऊन, दगड आणि वारा. मग इथे द्राक्षं कशी, हा प्रश्न पडतो ना? मलाही पडला होता. उत्तर असं की द्राक्षवेलीला लाड नकोच असतात. आपण निफाड-दिंडोरीकडची माणसं, ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली आणि वर पाऊस आला की डाऊनीच्या, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या, धास्तीने औषधाचे पंपावर पंप मारत सुटतो, तो ताप इथे कोरड्या हवेमुळे बराच कमी. पाणी लागतं ते खालच्या आर्पा नदीतून येतं, आणि बागा आहेत समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, काही तर चौदाशेच्याही पुढे. दिवसा कडक ऊन म्हणून मण्यात साखर भरते, रात्री एकदम गारठा म्हणून आंबटपणा टिकून राहतो, आणि वाइनला दोन्ही लागतं. नुसती गोड द्राक्षं खायला छान, पण त्यांची वाइन पांचट होते.

इथली मुख्य जात म्हणजे काळी आरेनी, गावाचंच नाव. साल जाड, उन्हाला पुरून उरणारी. पांढऱ्यात वोस्केहात, म्हणजे सोन्याचा दाणा. आणि एक जात आहे गरान दमाक, अर्थ मेंढीची चरबीदार शेपटी! जो कोणी नाव ठेवणारा असेल तो नक्की धनगर असणार.

आणखी एक गोष्ट द्राक्षवाल्यांसाठी. आपल्या बागेत खाली डॉगरिज जातीचा खुंट, म्हणजे मुळाकडचा भाग, असतो आणि वर आपल्या जातीचं कलम. युरोपात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकात बागाच्या बागा संपवल्या, तेव्हापासून तिकडेही कलमाशिवाय भागत नाही. या खोऱ्यात, म्हणजे वायोत्स झोरमध्ये, ती कीड पोचलेलीच नाही, त्यामुळे वेल स्वतःच्या मुळावर उभी असते. खोड बघा, दोरखंड पिळल्यासारखं.

आता गुहा. गावाच्या अगदी जवळ, नदीच्या काठी. २००७ पासून इथे उत्खनन चाललं आणि जानेवारी २०११ मध्ये जगाला कळलं की आत ६१०० वर्षांपूर्वीची वाइनरी आहे. वाइनरी म्हणजे स्टीलच्या टाक्या डोळ्यासमोर आणू नका. मातीने लिंपलेली, जेमतेम मीटरभर रुंद, उथळ अशी एक जागा, त्यात द्राक्षं पायाने तुडवायची, उतारामुळे रस वाहत बाजूला जमिनीत पुरलेल्या रांजणात जायचा, बस. आजूबाजूला बिया, पिळलेल्या साली, वाळक्या काड्या. गुहा इतकी कोरडी की काहीच कुजलं नाही. तिथेच एक चामड्याचा बूट मिळाला, ५५०० वर्षं जुना, एकाच कातड्याचा, आत गवत भरलेलं आणि लेस सकट! तो आता येरेवानच्या म्युझियममध्ये आहे. शेजारी जॉर्जियावाले म्हणतात आमची वाइन ८००० वर्षांची, आणि ते बरोबर आहे, तिथल्या मडक्यांत तसे अंश सापडलेत. पण तुडवायची जागा, रांजण, सगळं मांडलेलं घर एवढं जुनं दुसरीकडे मिळालेलं नाही. दोघांचं यावरून भांडण चालूच असतं, पुरणपोळी कुणाची यासारखं.

पण एवढा इतिहास असूनही मधली काही दशकं ही वाइन जवळपास बुडालीच होती हे कुणी सांगत नाही. सोव्हिएत काळात वाटणी झाली, जॉर्जियाने वाइन करायची आणि आर्मेनियाने ब्रँडी. येरेवानला ब्रँडीचा कारखाना १८८७ पासून होताच, मग सगळी द्राक्षं तिकडे. आणि ब्रँडीसाठी तुम्हाला जातीची, चवीची कसली पडलीय, टनात मोजायचं. पुढे १९८५ मध्ये गोर्बाचोव्हची दारूविरोधी मोहीम आली, बागा उपटल्या गेल्या. मग वाइन टिकली कुठे? घरात. तळघरात करास पुरलेला असायचा, करास म्हणजे मातीचा मोठा रांजण, आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला, वर्षाची वाइन त्यात. बाटलीत भरून विकायची म्हणून नाही, लग्नाला, बारशाला, पाहुण्याला.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत नवीन वाइनरी आल्या, त्यांना करासमध्येच वाइन करायची होती, आणि तेव्हा लक्षात आलं की एवढे मोठे करास घडवणारे कारागीरच उरले नाहीत. मग गावोगाव फिरून जुने विकत घेणं सुरू झालं. काही इतके मोठे की दारातून निघेनात, भिंत पाडून बाहेर काढावे लागले! घर बांधतानाच रांजण आत ठेवून भिंती उभ्या केल्या होत्या ना.

ऑगस्टच्या मध्यात चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात, जुनी माणसं त्याआधी नवीन हंगामाचा मणीही तोंडात घालत नाहीत. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, आणि ऑक्टोबरमध्ये आरेनीत जत्रा, पोरं टबात उतरून द्राक्षं तुडवतात, म्हातारे ती बघत टेबलावर बाटल्या मांडून बसतात.

मग थंडी. खाली आरारातच्या सपाटीवर पारा कधी कधी उणे वीसच्याही खाली जातो, वेल उघडी ठेवली तर काडीवरचे डोळे, म्हणजे नवीन फुटीचे अंकुर, मरतात. म्हणून तिथे नोव्हेंबरमध्ये छाटणी करून वेली तारेवरून सोडवतात, जमिनीवर वाकवतात आणि फावड्याने माती ओढून अक्षरशः पुरतात. वाकवताना काडी मोडायला नको, म्हणून एक जण गुडघा टेकून खोड धरून बसतो आणि दुसरा माती लोटतो. आपल्याकडे वेलीला झोपच नाही, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी, वर्षभर पान हलतंच. इथे चार महिने बागेच्या जागी नुसत्या मातीच्या ओळी, त्यावर बर्फ. आणि मार्चमध्ये, आपल्याकडे काढणीची घाई आणि व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत चालू असते तेव्हा, हे लोक फावडी घेऊन वेली परत उकरायला लागतात.