पाय गार की गरम?

नमस्कार श्रोतेहो.

आज वैद्यकातल्या गेल्या काही दशकांतल्या संशोधनाबद्दल बोलणार आहे. स्तनाचा कर्करोग, विंचूदंश, बाळंतपण आणि क्षयरोग. चारही विषय एकमेकांपासून लांबचे, त्यांचे डॉक्टरही वेगवेगळे. पण या चारही कामांत एक धागा आहे, तो आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी रुग्णापाशी थांबलं, एक साधी गोष्ट नीट मोजली आणि लिहून ठेवली. मोजली आणि लिहून ठेवली. एवढं लक्षात ठेवा, मग पुढचं आपोआप लागेल.

सुरुवात परळपासून करू. टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉक्टर राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. स्तनाची गाठ काढायची, त्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. दात काढताना हिरडीत टोचतात ना, तेच बधिर करणारं औषध. स्वस्त, आणि प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये असतंच. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते तेव्हा तिच्या पेशी इकडेतिकडे पसरू नयेत, हा त्यामागचा विचार. देशातल्या अनेक केंद्रांतल्या १,६०० स्त्रिया या अभ्यासात होत्या. अर्ध्यांना इंजेक्शन दिलं, अर्ध्यांना नाही, आणि मग वर्षानुवर्षं त्यांची खुशाली विचारत राहिले. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या शंभरातल्या सुमारे ८६ जणी हयात होत्या, आणि दिलेल्या शंभरातल्या ९०. हे २०२३ साली छापून आलं. शंभरात चार म्हणजे थोडे वाटतात, पण त्या चौघींच्या घरी जाऊन विचारा! ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी आपल्या सर्जनना या इंजेक्शनबद्दल जरूर विचारावं. विचारण्यात कसला आलाय संकोच.

आता विंचवाकडे येतो. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथे सांगतो, आजही जरा सविस्तर सांगणार आहे.

माझ्या मावशीचं सासर रायगड जिल्ह्यात, पोलादपूर तालुक्यात. नव्वदच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा वैद्यकीय कॉलेजात शिकत होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेलो होतो. भात कापून झालं होतं, अंगणाच्या कडेला उडवी रचलेली. संध्याकाळी माझा मावसभाऊ, असेल आठ-नऊ वर्षांचा, म्हशीला पेंढा आणायला गेला आणि उडवीतून पेंढा ओढताना त्याच्या बोटाला विंचवाने नांगी मारली. लाल विंचू. कोकणातल्या लोकांना लाल आणि काळ्यातला फरक सांगावा लागत नाही. काळा दिसायला मोठा आणि भीतिदायक, पण जीव घेतो तो लाल, बोटाएवढाही नसलेला.

पोरगं किंचाळलं. शेजारचे एक म्हातारे विंचू उतरवायचे, त्यांना कुणीतरी बोलावून आणलं. त्यांनी मंत्र म्हटला, हात फिरवला, आणि थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, ‘आता दुखत नाही.’ सगळ्यांना हायसं वाटलं. मावशीने देवापुढे साखर ठेवली.

श्रोतेहो, इथे थांबून नीट ऐका, कारण खरा धोका इथेच आहे. लाल विंचवाचं विष अंगात भिनलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा वेदना कमी असते. ठणका मारतोय, मूल रडतंय, हात आपटतंय, ते पुष्कळदा बचावतं. वेदना ओसरली, मूल गप्प झालं, आणि अंगाला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, तोंडाला लाळ सुटली, हातपाय गार पडले, तर समजा विष हृदयापर्यंत पोचलं आहे. मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येते, तेही याच विषाचं लक्षण आहे. घरचे ते सांगायला लाजतात. लाजू नका, डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा. पुन्हा सांगतो: वेदना गेली आणि घाम आला, हातपाय गार पडले, तर एक मिनिटही घरी थांबायचं नाही.

माझ्या मावसभावाचं तेच झालं. तो ओटीवर आडवा पडला होता. मावशीने त्याच्या पायांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘अरे, याचे पाय बघ रे.’ मी हात लावला. विहिरीतल्या पाण्यासारखे गार, आणि कपाळावर घामाचे थेंब.

रात्री गावात मुक्कामी एसटी असायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर शाळेच्या ओसरीवर झोपायचे. काकांनी त्यांना उठवलं. ड्रायव्हरने एक शब्द विचारला नाही, तसाच उठून गाडी चालू केली आणि आम्हाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणून सोडलं. मुक्कामी गाड्यांचा हिशेब नुसता तिकिटांवर करू नये, असं माझं ठाम मत आहे. रात्री गावात उभी असलेली गाडी म्हणजे त्या गावाचा अर्धा दवाखाना असतो. तोट्यात आहे म्हणून ती बंद करणाऱ्यांनी एकदा अशा गावात पावसाळ्यातली रात्र काढून बघावी. असो.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, छातीला स्टेथोस्कोप लावला, आणि मग दोन्ही तळव्यांनी मुलाची पावलं धरली. गोळी दिली. प्राझोसिन. आणि मावशीला पहिली ताकीद दिली, ‘याला उचलायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही, बसवायचं नाही. झोपूनच राहू दे.’ या गोळीने रक्तदाब उतरतो, मूल एकदम उभं धरलं तर ते धोक्यात येतं. आईला हे किती अवघड जातं! मावशी रात्रभर त्याच्या खाटेला टेकून बसली, पण तिने त्याला उचललं नाही.

आणि डॉक्टर काय करत होता? दर थोड्या वेळाने यायचा, पावलांना हात लावायचा आणि वहीत लिहायचा. मी त्या वहीत डोकावलो. वेळ, नाडी, रक्तदाब, आणि शेवटच्या रकान्यात दोनच शब्द: पाय गार. त्याखाली पुन्हा पाय गार. तीन तासांनी दुसरी गोळी. पाय गार. मग कधीतरी पाय कोमट. आणि कोंबडं आरवायच्या सुमाराला त्याने लिहिलं, पाय गरम. माझ्याकडे वळून म्हणाला, ‘आता गोळी बंद. हातपाय गरम झाले की थांबायचं, बावस्कर सरांनी घालून दिलेला नियम आहे.’

हे बावस्कर म्हणजे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तिथे विंचू चावलेली माणसं यायची आणि मरायची. पुस्तकात त्या मृत्यूंवर उपाय नव्हता. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसले आणि काय होतं, कुठल्या क्रमाने होतं, हे लिहीत गेले. १९८२ साली त्यांची ती निरीक्षणं लॅन्सेट या नियतकालिकात छापून आली. त्यांच्या ध्यानात आलं की या विषामुळे अंगातल्या रक्तवाहिन्या आवळून जातात. हृदय त्या आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. म्हणूनच हातपाय गार. मग रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्यायला हवं. तसं एक औषध रक्तदाबासाठी बाजारात होतंच, तेही गोळीच्या रूपात, म्हणजे मोठ्या यंत्रांशिवाय खेड्यात देता येईल असं. तेच हे प्राझोसिन.

आकडे सांगतो. प्राझोसिन येण्यापूर्वी, म्हणजे १९६१ ते १९८३ या काळात, पश्चिम भारतात या दंशाच्या रुग्णांत शंभरातले पंचवीस ते तीस फुप्फुसात पाणी भरून मरत. १९८४ नंतर हे प्रमाण चारच्या खाली आलं. तिसातून चारच्या खाली! आणि औषध काही रुपयांचं.

बावस्कर तिथे थांबले नाहीत. मुंबईच्या हाफकिन संस्थेने विंचवाच्या विषाचा जोर मोडणारं प्रतिविष तयार केल्यावर प्रश्न आला, नुसतं प्राझोसिन पुरे की सोबत प्रतिविषही हवं? डॉक्टर हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्ण घेतले. ३५ जणांना दोन्ही दिलं, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३२, दुसऱ्या गटात ८. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०११ साली हा अभ्यास छापला. महाडसारख्या तालुक्याच्या गावी, नवराबायकोने आपल्या दवाखान्यात केलेला. २०२२ मध्ये डॉक्टर हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते ती वीस वर्षं उशिरा मिळाली.

माझा मावसभाऊ आता दोन मुलांचा बाप आहे आणि पेंढा ओढण्यापूर्वी उडवीवर काठी आपटतो. तुम्हीही आपटा. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका, चपला घालण्यापूर्वी झटका. विंचू उतरवणाऱ्याकडे गेलात तर निदान तिथे वेळ घालवू नका, आधी दवाखाना गाठा. आणि गोळी घरी ठेवून आपल्या मनाने देऊ नका, रक्तदाब मोजणारं माणूस शेजारी हवं.

वेळ बराच गेला, पण बाळंतपणाबद्दल सांगायलाच हवं. बाळंत झाल्यावर अतिरक्तस्राव होऊन आजही जगात पुष्कळ बायका दगावतात. खरी अडचण अशी की रक्त किती गेलं हे डोळ्यांनी कळत नाही. चादरीवर सांडलेलं रक्त पाहून अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो, आणि बहुतेक वेळा तो कमीच येतो. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत एक अभ्यास झाला, दोन लाखांहून जास्त बाळंतिणींवर. बाळंतिणीच्या खाली प्लॅस्टिकची एक पिशवी लावायची, तिच्यावर मापाच्या रेघा. रक्त अमुक रेघेला आलं की वाट न बघता सगळे उपाय एकदम सुरू करायचे: गर्भाशय चोळणं, ते आकुंचन पावण्याचं औषध, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी. एकामागून एक नाही, एकदम. २०२३ साली निकाल आला. अतिरक्तस्रावामुळे होणाऱ्या गंभीर गोष्टी, म्हणजे खूप जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, साठ टक्क्यांनी कमी. उपाय सगळे आधीचेच, नवी होती ती रेघ आणि एकदम हात घालायची शिस्त. आपल्याकडच्या प्रत्येक प्रसूतिगृहात अशी पिशवी असायला हवी. सुनेला बाळंतपणासाठी नेताना खोली एसी आहे का हे विचारण्याआधी रक्त मोजतात का हे विचारा.

आणि क्षयरोग. झारखंडमध्ये डॉक्टर अनुराग भार्गव आणि डॉक्टर माधवी भार्गव यांच्या चमूने २,८०० रुग्णांच्या घरी दरमहा शिधा पोचवला. रुग्णाला तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल. अर्ध्या भागांत घरातल्या इतर माणसांनाही प्रत्येकी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या. सगळ्या भागांतली मिळून घरातली माणसं दहा हजारांवर होती. इतर माणसांनाही शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. खोकल्यातून इतरांना लागतो तो फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळाने! आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी दिसला. म्हणजे ४० किलोच्या माणसाचं वजन दोन महिन्यांत ४२ झालं, तर ती फार मोठी गोष्ट आहे. मुलीचं लग्न मोडेल म्हणून तिचा क्षय लपवणारी घरं मी पाहिली आहेत. तिचं ताट लपूनछपून वेगळं काढतात आणि त्यात वाढतातही कमी. असं करू नका. औषध सुरू आहे तोवर तिच्या ताटात जास्त पडायला हवं.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत आता महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ते ५०० होते. आले नसतील तर आशाताईंना विचारा, खात्याचा नंबर बरोबर नोंदवलाय का ते बघा. पहिल्या गोळीच्या दिवशी वजन करून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहा. महिन्याने पुन्हा करा, पुन्हा लिहा. दोन महिन्यांत काटा हलला नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. नमस्कार.