उत्पन्न थोडे, पत डागाळलेली आणि घराचे कर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

घरासाठी कर्ज मागणाऱ्या माणसाला नकार मिळतो तेव्हा तो बहुधा एकाच ओळीत मिळतो: 'आपला अर्ज मंजूर होऊ शकत नाही.' या ओळीमागे दोन अगदी निरनिराळी कारणे असू शकतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढची सगळी धावपळ वाया जाते. एक कारण असे, की मागितलेल्या रकमेचा हप्ता अर्जदाराच्या उत्पन्नाला पेलणार नाही. दुसरे असे, की उत्पन्न पुरेसे आहे, परंतु पूर्वीची कर्जे वेळेवर फेडली न गेल्यामुळे कर्ज देणाऱ्याला भरवसा वाटत नाही. पहिल्या अडचणीवर हिशेबाने वाट निघू शकते; दुसरीला मात्र मुख्यतः काळच लागतो. म्हणून नकार मिळाल्यावर दुसऱ्या संस्थेकडे तातडीने अर्ज करण्यापूर्वी, नकाराचे नेमके कारण लेखी मागून घ्यावे.

आधी उत्पन्नाचे पाहू. कर्ज देणाऱ्या संस्था अर्जदाराच्या चालू असलेल्या सर्व कर्जांचे हप्ते एकत्र धरतात, त्यांत नव्या घरकर्जाचा हप्ता मिळवतात आणि ही बेरीज मासिक उत्पन्नाच्या साधारणतः 40 ते 50 टक्क्यांच्या आत राहते की नाही, हे तपासतात. एक आकडा येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. दरसाल 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतलेल्या 1 लाखाच्या कर्जाचा मासिक हप्ता जवळजवळ 900 होतो. चलन कोणतेही असले तरी हे गणित बदलत नाही. म्हणजे वाहनासाठी किंवा घरातल्या एखाद्या वस्तूसाठी घेतलेल्या किरकोळ कर्जाचा 4500 चा हप्ता चालू असेल, तर तो हप्ता एकटाच 5 लाखांच्या घरकर्जाची जागा अडवून बसतो. कमी उत्पन्नाच्या माणसाने पात्रता वाढवण्यासाठी पगारवाढीची वाट पाहण्याआधी अशी लहान कर्जे निकालात काढावीत, हा उपाय इतका साधा आहे की तो सांगायला कोणी फारसे जात नाही.

ज्यांचे उत्पन्न महिन्याला ठरावीक नसते, त्यांची अडचण थोडी वेगळी आहे. हंगामी काम करणारे, लहान व्यावसायिक, रोजंदारीवर कमावणारे यांच्या बाबतीत संस्था एक-दोन वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढतात आणि जे कागदावर दिसते तेवढेच धरतात. कर वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे उत्पन्न कमी दाखवणारा व्यावसायिक कर्ज मागायला जातो, तेव्हा त्याचेच विवरणपत्र त्याच्याविरुद्ध साक्ष देते. रोखीने येणारे पैसे नियमितपणे बँकेत भरण्याची सवय अर्जाच्या निदान एक वर्ष आधी लावून घ्यावी. मिळवत्या जोडीदाराला किंवा मुलाला सहकर्जदार करून दोघांचे उत्पन्न एकत्र धरता येते, पण सहकर्जदार हा संपूर्ण कर्जाला बांधला जातो आणि उद्या त्याला स्वतःसाठी कर्ज हवे असेल तेव्हा हाच हप्ता त्याच्या आड येतो, याची कल्पना त्याला सही करण्यापूर्वी स्पष्टपणे दिली पाहिजे.

हप्ता बसत नाही असे दिसले की समोरचा अधिकारी मुदत वाढवण्याचे सुचवतो, आणि इथे श्रोत्यांनी जरा थांबून हिशेब करावा. त्याच 1 लाखाच्या कर्जाची मुदत 20 ऐवजी 30 वर्षे केली, तर हप्ता 900 वरून सुमारे 805 वर येतो, म्हणजे दरमहा 95 वाचतात. मात्र एकूण व्याज 1 लाख 16 हजारांवरून 1 लाख 90 हजारांवर जाते. मुदत लांबते तसे हे असे का होते, ते पहिल्या हप्त्यातच दिसते. 900 च्या पहिल्या हप्त्यातले 750 निव्वळ व्याजात जातात आणि मुद्दल फक्त 150 ने घटते. 20 वर्षांच्या या कर्जात मुद्दल निम्म्यावर यायला 14 वर्षे लागतात. तरीसुद्धा कमी उत्पन्नाच्या कुटुंबाने लांब मुदत घेऊच नये, असे माझे मत नाही. मुदतपूर्व फेडीवर शुल्क नसेल, तर लांब मुदत घेऊन हातात थोडी मोकळीक ठेवावी आणि वर्षातून एकदा, जेव्हा चार पैसे शिल्लक राहतील तेव्हा, एक जादा हप्ता भरावा. 20 वर्षांच्या कर्जात दर वर्षी असा एक हप्ता जास्त भरल्यास कर्ज साडेतीन वर्षांच्या आसपास आधी संपते. अडचणीच्या वर्षी जादा हप्ता भरला नाही, तर कोणी विचारत नाही. ठरलेला मोठा हप्ता चुकला, तर मात्र त्याची नोंद होते.

ही नोंद म्हणजेच आपला दुसरा विषय, पत. कर्जफेडीच्या इतिहासावरून एक गुणांक काढण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे. अमेरिकेत 1989 मध्ये सुरू झालेला फायको गुणांक 300 ते 850 यांच्या दरम्यान असतो. त्यात वेळेवर फेडीला सुमारे 35 टक्के आणि सध्या किती देणे आहे याला सुमारे 30 टक्के वजन दिले जाते. उरलेले वजन कर्जाचा इतिहास किती जुना आहे, अलीकडे किती नवी कर्जे मागितली आणि कोणकोणत्या प्रकारची कर्जे आहेत, यांवर विभागलेले असते. इतर ठिकाणची सूत्रे थोडीफार निराळी असली, तरी फेडीची शिस्त आणि सध्याचा कर्जाचा बोजा हे दोन घटक सगळीकडेच जड असतात. त्यामुळे गुणांक सुधारायचा तर कोणतीही युक्ती शोधत न बसता थकलेले हप्ते भरणे आणि क्रेडिट कार्डावरचा वापर त्याच्या मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या खाली आणणे, या दोन गोष्टींपासूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधी स्वतःचा पतअहवाल, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा उतारा, मागवून तो ओळीओळीने वाचावा. फेडून झालेले कर्ज अजून चालू दाखवलेले असते, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याची थकबाकी आपल्या नावावर चढलेली असते, किंवा पूर्वी कोणासाठी जामीन राहिलो होतो त्याने हप्ते चुकवल्याचे आपल्याला तेव्हा प्रथमच कळते. चुकीच्या नोंदीबद्दल पुराव्यानिशी तक्रार करण्याची सोय असते आणि ती वापरावी. 'तडजोडीने मिटवले' आणि 'पूर्ण फेड होऊन बंद झाले' या दोन शेऱ्यांतला फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. जुने कर्ज तडजोडीने थोडक्यात मिटवले, तर कर्जदाराला सुटल्यासारखे वाटते, पण पुढच्या धनकोला त्यात एवढेच दिसते की या माणसाने पूर्वी पूर्ण पैसे दिले नव्हते. घरकर्ज घ्यायचेच असेल आणि शक्य असेल, तर उरलेली रक्कम भरून, बेबाकीचा, म्हणजे काहीही देणे उरले नसल्याचा, दाखला घेऊन, तो शेरा बदलून घेणे चांगले. खऱ्या थकबाकीची नोंद मात्र अनेक देशांत सहा-सात वर्षे टिकते. पैसे घेऊन ती पुसून देतो असे सांगणारा मध्यस्थ भेटला, तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि कर्ज मंजूर करण्यासाठी आधी रोख रक्कम मागणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतलेले नाही, त्याचा पतअहवाल कोरा असतो आणि कोरा कागद संस्थेला तितकासा आवडत नाही, ही एक विचित्र गोष्ट आहे. अशा माणसाने घरभाड्याच्या पावत्या, वीजबिले आणि बँकेची सलग खातेउतारे पुढे ठेवावेत. ठेव तारण ठेवून एखादे लहान कर्ज घेऊन ते वेळेवर फेडल्यासही नोंद तयार होते.

पत डागाळलेली असताना कर्ज मिळालेच, तर ते महाग मिळते. येथे खरा धोका असतो तो आरंभी स्वस्त दिसणाऱ्या कर्जाचा. 2008 च्या आर्थिक संकटापूर्वी अमेरिकेत पत कमी असलेल्या कर्जदारांना मोठ्या प्रमाणावर अशी कर्जे दिली गेली, ज्यांत पहिली 2 वर्षे व्याजदर कमी आणि ठरलेला असे आणि पुढची 28 वर्षे तो बाजाराप्रमाणे बदलत असे. दर वाढण्याच्या आत आपण हे कर्ज दुसऱ्या कर्जात बदलून घेऊ, असा अनेकांचा आडाखा होता. परंतु घरांच्या किमती घसरल्यावर घराच्या मोलापेक्षा कर्जच जास्त झाले आणि अशा घरावर नवे कर्ज द्यायला कोणी पुढे येईना. 'पुढे कर्ज बदलून घेता येईल' हे गृहीत धरून आज न पेलणारे कर्ज कधीही घेऊ नये, कारण ते बदलून घेण्याच्या दिवशी घराची किंमत, आपले उत्पन्न आणि आपली पत या तिन्ही गोष्टी जागेवर असाव्या लागतात.

बदलत्या दराचा परिणाम किती खोल जातो, हे एकाच उदाहरणावरून कळेल. 9 टक्क्यांच्या आपल्या कर्जाचा दर सुरुवातीलाच 11 टक्के झाला आणि हप्ता 900 च ठेवला, तर 1 लाखावरचे एका महिन्याचे व्याजच 917 होते. नेमाने हप्ता भरणाऱ्या माणसाचे कर्ज अशा वेळी घटण्याऐवजी महिन्यामहिन्याने वाढते आणि हप्त्याचा आकडा तोच असल्याने त्याला ते कळतही नाही. दर बदलला की उरलेली मुदत किती झाली, हे संस्थेकडून विचारून घ्यावे.

आता चालू कर्ज दुसरीकडे हलवण्याविषयी. समजा, 1 लाख मुद्दल उरले आहे, 15 वर्षे बाकी आहेत आणि दर 10 टक्के आहे. हप्ता सुमारे 1075 बसतो. तेच कर्ज 9 टक्क्यांवर नेले आणि मुदत 15 वर्षेच ठेवली, तर हप्ता 1014 होतो. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, कायदेशीर तपासणी आणि नोंदणी यांचा खर्च 1 टक्का, म्हणजे 1000 धरला, तर तो साधारण 17 महिन्यांत भरून निघतो. त्याआधीच घर विकण्याचा विचार असेल, तर हा खटाटोप कशासाठी? हाच व्यवहार करताना 'मुदत पुन्हा 20 वर्षे करून देतो, हप्ता 900 वर येईल' असे सांगितले जाते आणि महिन्याला 175 वाचणार म्हणून माणूस खूश होतो. प्रत्यक्षात जुन्या महाग दराने उरलेल्या 15 वर्षांत तो एकूण 1 लाख 93 हजार भरणार होता. नव्या स्वस्त दराने 20 वर्षांत तो 2 लाख 16 हजार भरतो. कमी दर घेऊन जास्त पैसे देण्याचा हा प्रकार दिसतो त्याहून फार अधिक घडतो. घरखर्च भागत नाही म्हणून जाणूनबुजून तो पत्करला, तर त्यात चूक नाही, पण तेव्हा आपण सवलत घेत नसून वेळ विकत घेत आहोत हे ठाऊक असावे. क्रेडिट कार्डाची देणी घरकर्जात मिसळून टाकण्याचा सल्लाही याच जातीचा आहे. व्याज कमी होते हे खरे, पण जे देणे थकल्यावर घर थेट जात नव्हते, त्याला आता घर तारण लागलेले असते.

कर्जाची फेरबांधणी संकटात सापडलेल्यांना तारू शकते, याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. 1930 च्या दशकापर्यंत अमेरिकेतील अनेक घरकर्जे अल्प मुदतीची असत आणि शेवटी मोठी रक्कम एकदम भरावी लागे. महामंदीत ती भरणे लाखो लोकांना अशक्य झाले, तेव्हा 1933 मध्ये सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन केली. तिने 1936 पर्यंत सुमारे 10 लाख थकीत कर्जे आपल्याकडे घेऊन ती मुख्यतः 15 वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत बांधून दिली. बहुतेकांची घरे त्यामुळे वाचली. तरीही सुमारे पाचव्या हिश्श्याची घरे पुढे गेलीच, आणि हा भागही सांगितला पाहिजे, कारण उत्पन्नच थांबलेल्या कुटुंबाला हप्त्यांची कोणतीही मांडणी पुरत नाही.

हप्ता चुकणार असे दिसताच, चुकण्याच्या आधीच, संस्थेला लेखी कळवावे. थकबाकी होण्यापूर्वी मुदतवाढ किंवा हप्त्यांत तात्पुरती सूट मिळण्याची शक्यता नंतरच्यापेक्षा बरीच अधिक असते. मात्र हप्ते पुढे ढकलण्याची किंमत आधी विचारून घ्यावी. आपल्या 20 वर्षांच्या कर्जात अगदी सुरुवातीचे 6 हप्ते पुढे ढकलले, त्यांचे व्याज मुद्दलात मिळवले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटी सुमारे 35 हप्ते वाढतात. नोकरी दोन महिन्यांत पुन्हा लागणार असेल, तर दोनच हप्त्यांची सूट घ्यावी. आणि उत्पन्न परत येण्याची चिन्हेच नसतील, तर लिलावाची नोटीस येण्याआधी संस्थेच्या संमतीने घर स्वतः विकावे. स्वतः केलेल्या विक्रीत सहसा लिलावापेक्षा चांगली किंमत येते, कर्ज चुकते करून काही रक्कम हाती उरण्याची शक्यता असते, आणि कर्ज पूर्ण फिटले, तर अहवालावर ते पूर्ण फेड होऊन बंद झाल्याची नोंद होते, जी पुढच्या अर्जाच्या वेळी उपयोगी पडते.

नमस्कार.