‘अभिषिक्ताला हात लावू नका’: हे वचन कुणाला सांगितलं होतं?

सलाम मंडळी.

(हातातली बाटली कॅमेऱ्यासमोर धरून) ही बाटली बघा. एवढीशी, प्लॅस्टिकची. आत तेल आहे, कसलं ते कळत नाही, वासही नाही. लेबलवर सुटाबुटातल्या एका पाळकांचा हसरा फोटो. आमच्या एका मावशींच्या फ्रिजवर ही दोन वर्षं उभी होती. जावई कामानिमित्त नायजेरियातल्या लागोसला गेले होते, त्यांनी आणली. गुडघा धरला की लावायची, नातवाची मुलाखत असली की उंबऱ्याला बोट टेकायचं. मी विचारलं, “मावशी, लेबलवर येशूचं नाव कुठंय?” त्यांनी चष्मा लावला, बाटली फिरवली आणि म्हणाल्या, “असेल की रे मागं.” मागं वापरायची पद्धत होती.

तर आज आफ्रिकेतल्या करिस्मॅटिक मंडळ्यांबद्दल बोलू. भविष्यवाणी, अभिषेकाचं तेल, भुतं काढणं, ‘बी पेरा म्हणजे पैसा उगवेल’ हे सगळं. “बघा, ते कसे फसतात” असा सूर मात्र लावायचा नाहीये. आपल्याकडच्या ग्रुपवर काय काय फॉरवर्ड होतं ते आपल्याला माहीत आहे.

नोव्हेंबर २०१६. दक्षिण आफ्रिकेचा लिम्पोपो प्रांत. लेथेबो राबालागो नावाचा तरुण ‘संदेष्टा’ उपासनेत उभा राहतो आणि आजारी माणसांच्या तोंडावर डूम फवारतो. डूम म्हणजे तिकडचं झुरळं मारायचं औषध. माणसं डोळे मिटून उभी आहेत, आणि मंडळीच स्वतःहून त्याचे फोटो फेसबुकवर टाकते. कंपनीला जाहीर सांगावं लागलं की बाबांनो, हे माणसांवर मारायचं नसतं. २०१८ मध्ये कोर्टानं त्याला मारहाणीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गला आल्फ लुकाऊ या पाळकांनी शवपेटीतून मेलेला माणूस उठवल्याचं दाखवलं. व्हिडिओ जगभर फिरला, आणि ‘आमचा वापर केला’ म्हणत अंत्यविधीवाल्या कंपन्यांनी कायदेशीर कारवाई करणार असं जाहीर केलं.

असं काही बघितलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. खरं का खोटं? मला वाटतं, आपली गाडी इथंच चुकीच्या रुळावर जाते. बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक, अध्याय १३ काढा. मोशे म्हणतो, एखाद्या संदेष्ट्यानं चिन्ह सांगितलं आणि ते चिन्ह घडलं, आणि तो म्हणाला की चला, दुसऱ्या देवांच्या मागे जाऊ, तर त्याचं ऐकू नका. ‘घडलं’ असं लिहिलंय, हे परत एकदा वाचा. चमत्कार शंभर टक्के खरा निघाला तरी परीक्षा संपलेली नाही. तो माणूस तुम्हाला कुणाकडे घेऊन चाललाय, हे बघायचं अजून राहिलंय.

पण बघणार कोण? कारण विचारायला तोंड उघडलं की समोरून लगेच वचन येतं, स्तोत्र १०५, ओवी १५. “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.” म्हणजे काय, तर आमच्या पाळकाला प्रश्न विचारू नका. हे लागोसमध्ये ऐकू येतं, नैरोबीत ऐकू येतं, आणि पिंपरीच्या एका हॉलमध्ये तर मी माझ्या कानांनी ऐकलंय. दानाचा हिशेब विचारणाऱ्या एका काकांना ते सुनावलं होतं. काका खाली बसले.

आता तीन ओव्या मागं जाऊ. अभिषिक्त म्हणजे कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब आणि त्यांची माणसं. संख्येनं थोडी, परक्या मुलखातली, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी. आणि ताकीद कुणाला? राजांना! बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या, पाठीशी कुणी नसलेल्या माणसांना त्रास देऊ नका, असं देव सत्तेवरच्यांना बजावतोय. आज ते वचन कोण वापरतंय? ज्याच्या मागे-पुढे अंगरक्षक आहेत तो, आणि तेही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विधवेविरुद्ध. वचन पार उलटं टांगलंय.

पौल काय म्हणतो? पहिलं करिंथ १४:२९. दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी. इतरांनी! म्हणजे पारख हा मंडळीचा हक्क आहे, आणि खरं तर तिचं कामच आहे. त्याच पत्रात तो अन्य भाषांना, म्हणजे आत्म्यानं भरून न शिकलेल्या भाषेत बोलण्याला, मना करू नका असंही म्हणतो. त्यामुळे ‘आत्मिक दानं आता बंद झाली, विषय संपला’ म्हणणाऱ्या आमच्या काही भावांशी माझं पटत नाही. झाम्बियाचे कॉनराड म्बेवे तसं मानतात. लुसाकातल्या काबवाटा बाप्टिस्ट मंडळीचे ते पाळक. त्यांचा निष्कर्ष मी पूर्ण घेत नाही, पण त्यांचं एक निरीक्षण मनात रुतून बसलंय. ते म्हणतात, गावच्या मांत्रिकाची जागा या ‘देवाच्या माणसानं’ घेतली. आजारपण, मूल न होणं, नोकरी न लागणं, सगळ्यामागे कुणाची तरी करणी. तुमच्या आणि देवाच्या मध्ये एक खास माणूस, आणि त्याला भेटायचं म्हणजे पाकीट सोडायचं. (थांबून) लिंबू गेलं, बाटली आली.

पण मग माणसं तिकडे का जातात, हेही प्रामाणिकपणे बघा. जुन्या मिशनच्या मंडळ्यांनी ‘करणी’ म्हटलं की हसून विषय बदलला. बाईला रात्री झोप येत नाही, आणि पाळक तिला व्याकरणासकट रोमकरांस पत्र शिकवतोय. जो तिची भीती ऐकून घेईल त्याच्याकडेच ती जाणार ना?

आणि आफ्रिकेनंच याचं दुसरं रूपही दाखवलंय. विल्यम वाडे हॅरिस, लायबेरियाचा माणूस. १९१३ मध्ये तो अनवाणी, पांढरा झगा घालून, हातात बांबूचा क्रूस आणि बायबल घेऊन चालत आयव्हरी कोस्टमध्ये शिरला. लोकांनी गंडेदोरे, मूर्ती जाळल्या. दीड वर्षाच्या आत लाखाच्या आसपास लोकांचा बाप्तिस्मा झाला. बरं झाल्याच्या साक्षी होत्या, भुतं काढणं होतं, म्हणजे बाहेरून बघाल तर सगळं करिस्मॅटिकच. पण तो सांगायचा काय? हे पुस्तक शिकवणारे तुमच्याकडे येतील, त्यांचं ऐका. १९१४ च्या शेवटी फ्रेंचांनी त्याला हाकलून दिलं. १९२४ ला मेथडिस्ट मिशनरी आले, तेव्हा हजारो लोक त्या पुस्तकाची वाट बघत बसलेले सापडले. दहा वर्षं! अनुवाद १३ चा प्रश्न हॅरिसला लावून बघा. तो लोकांना स्वतःकडे ओढत नव्हता, पुस्तकाकडे ढकलत होता.

हाच प्रश्न शाकाहोलाला लावा. केनियाचा किलिफी जिल्हा, एप्रिल २०२३. पॉल मॅकेन्झी हा टीव्हीवरचा उपदेशक, त्याचे अनुयायी आठशे एकरांच्या रानात राहायला गेलेले. येशूला भेटायचं तर उपाशी राहा, अशी शिकवण दिल्याचा त्याच्यावर आरोप आहे, तो त्यानं नाकारलाय. जमिनीतून चारशेहून जास्त मृतदेह निघाले, त्यात लहान मुलं किती तरी. मुलांना शाळेत घालू नका, दवाखान्यात जाऊ नका, हे मात्र तो कितीतरी आधीपासून सांगत होता. बाहेर बोलणारे होते, पण रानात ‘इतर’ उरलेच नव्हते.

सरकारनं बघावं का? रवांडानं २०१८ मध्ये शेकडो चर्च बंद केली आणि पाळकांना धर्मशास्त्राची पदवी सक्तीची केली. मला यात फार जीव वाटत नाही. पदवी व्यासपीठावरच्याला मिळते, बाकावरच्याचं बायबल बंदच राहतं. त्यापेक्षा घानातल्या आक्रोपाँगला २००८ आणि २००९ मध्ये लोझान चळवळीच्या (जगभरच्या सुवार्तिक ख्रिस्ती लोकांची ही चळवळ) आफ्रिकी अभ्यासकांनी बसून या ‘पैसा उगवेल’ शिकवणीबद्दल जे लिहिलं ते मला जास्त उपयोगी वाटतं. देवाचं सामर्थ्य आणि चमत्कार त्यांनी मानले, पण कुठल्या शब्दानं, कृतीनं किंवा विधीनं ते सामर्थ्य बटण दाबल्यासारखं चालू होतं, हे साफ नाकारलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तीमध्ये १९०५ साली मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, पुढं अन्य भाषांत बोलल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या जागृतीतून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली, तिच्या आधीचं वर्ष. आणि त्याच रमाबाई त्या काळात कशात गढल्या होत्या? बायबलचं मराठी भाषांतर करण्यात.

बाटलीकडे येतो. मावशींनी मला बरोबर पकडलं. म्हणाल्या, “पौलाचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवत होते की. कृत्ये १९.” खरंय, इफिसातली गोष्ट. मी म्हटलं, आता दुसरं तीमथ्य ४:२० काढा. “त्रफिम आजारी पडला, त्याला मी मिलेतात ठेवून आलो.” त्रफिम कुठला? इफिसचा. ज्या गावात रुमालांनी माणसं बरी झाली त्याच गावचा, पौलाच्या बरोबर फिरणारा माणूस, आणि पौल त्याला आजारी सोडून पुढे गेला. रुमाल नाही, तेल नाही, आणि ‘तुझा विश्वास कमी पडला’ असंही म्हटलेलं नाही.

मावशी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. मग विचारलं, “पुढं त्याचं काय झालं?”

लिहिलेलं नाही, म्हटलं.

बाटली त्यांनी टाकून दिलेली नाही बरं का. या व्हिडिओपुरती मागून आणलीय. संध्याकाळी परत न्यायचीय, आणि येताना गुडघ्याच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेऊन ये, असं त्यांनी सांगितलंय.