यूट्यूबची पॅकेट्स वाट चुकली तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या मोबाइलवर एखादी चित्रफीत दिसते, तेव्हा ती सलग आलेली नसते. पाठवतानाच तिचे लहान लहान तुकडे केलेले असतात, त्यांना पॅकेट्स म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेटवर ते कोठून निघाले व कोठे जायचे आहे हे दोन्ही पत्ते आकड्यांत लिहिलेले असतात. हा आकडी पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. आपण यूट्यूबचे नाव टाइप केले, की त्या नावाचा आयपी ॲड्रेस शोधून देते डीएनएस, आणि तो पत्ता वाचून पॅकेट पुढच्या टप्प्याकडे धाडतो राउटर.

कोणत्याही राउटरला साऱ्या जगाचा नकाशा ठाऊक नसतो. अमुक पत्ते आपल्याकडे आहेत, असे प्रत्येक मोठे नेटवर्क शेजारच्या नेटवर्कला कळवते, शेजारी ते पुढे कळवतात, आणि या कळवण्याच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात. एकाच पत्त्याबद्दल दोन सूचना आल्या, तर अधिक नेमकी सूचना राउटर मानतो. पिन कोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाचा विभाग कळतो आणि सहाही आकडे वाचले की नेमके टपाल कार्यालय कळते, तसेच हे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन कोडची पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. त्यांचे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते. असो. पुन्हा सांगतो, अधिक नेमकी सूचना राउटर मानतो.

या एका नियमामुळे काय घडू शकते, ते २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिले. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला होता. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचे २५६ पत्ते आपल्याकडे असल्याची सूचना काढली, म्हणजे देशातली पॅकेट्स तेथे वळावीत आणि तेथेच संपावीत. ती सूचना देशाच्या हद्दीतच राहायला हवी होती. परंतु ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीच्या नेटवर्ककडे गेली, त्या नेटवर्कने खातरजमा न करता ती पुढे पाठवली, आणि काही मिनिटांत ती जगभर पोहोचली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. यूट्यूबची स्वतःची सूचना १०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती आणि पाकिस्तानची २५६ पत्त्यांची, म्हणजेच अधिक नेमकी. त्यामुळे यूट्यूबची यंत्रे सुरळीत चालू असतानाही बहुतेक जगाची पॅकेट्स पाकिस्तानकडे वळली.

सुमारे ऐंशी मिनिटांनी यूट्यूबने त्याच २५६ पत्त्यांची सूचना स्वतः काढली. आता दोन्ही सूचना सारख्याच नेमक्या झाल्या, म्हणून काही राउटर इकडे वळले आणि काही तिकडेच राहिले. आणखी अकरा मिनिटांनी यूट्यूबने १२८ पत्त्यांच्या दोन सूचना काढल्या, आणि ज्या नियमाने पॅकेट्स पळवली होती त्याच नियमाने ती परत येऊ लागली. अखेर पीसीसीडब्ल्यूने चुकीची सूचना मागे घेतली, तोवर सव्वादोन तास होत आले होते.

आता पत्त्यांच्या धारकाला आपल्या पत्त्यांची डिजिटल सही असलेली नोंद करता येते, आणि तिच्याशी न जुळणारी सूचना राउटरला नाकारता येते. या व्यवस्थेला आरपीकेआय म्हणतात. मात्र जगातल्या सर्वच नेटवर्कनी ही तपासणी अजून स्वीकारलेली नाही, आणि ती सर्वांना सक्तीची व्हावी, असे माझे ठाम मत आहे.