एकच जिन्नस, घरोघरची चव: अंगतपंगतीचा रेसिपी क्लब कसा चालवायचा

नमस्कार मंडळी! आज मी पदार्थ एकच दाखवणार आहे, तोही बोलता बोलता मध्येच. आजचा खरा विषय आहे रेसिपी क्लब. महिन्यातून एकदा जमायचं, विषय आधी ठरवायचा, प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा, अंगतपंगत करून जेवायचं आणि जाताना दुसऱ्यांच्या कृती घेऊन घरी जायचं. इथे नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचा असा क्लब आहे. बायका आहेत, पुरुष आहेत, नोकरीसाठी एकटी राहणारी मुलंमुली आहेत. तुम्हाला तुमच्या सोसायटीत किंवा भिशीच्या ग्रुपमध्ये असा क्लब सुरू करायचा असेल, तर काय काय बघावं लागतं ते सांगते.

सगळ्यात आधी विषय, कारण अर्धी गंमत तिथेच ठरते.

चायनीज, पंजाबी, चाट असे विषय ठेवू नका. सगळे तेच व्हिडिओ बघतात आणि टेबलावर एकाच चवीचे चार डबे उघडतात. ‘खानदेशी थाळी’ हा विषय ऐकायला छान वाटतो. पण मग ज्यांचं माहेर जळगाव-धुळ्याकडचं आहे, त्याच मनापासून करतात. बाकीच्यांनी तो पदार्थ लहानपणापासून खाल्लेला नसतो, त्यामुळे तो कुठवर शिजवायचा, किती तिखट करायचा, हे त्यांना जिभेवर ठाऊक नसतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, विषय म्हणून एक जिन्नस द्या. वांगं द्या, बाजरी द्या, हुलगे द्या. प्रत्येकाच्या घरात येतो, पण प्रत्येकाच्या घरात वेगळा शिजतो, असा जिन्नस निवडा. नाशिकला तर याची चैनच आहे. सिडको-सातपूरला कामधंद्यासाठी आलेली कितीतरी खानदेशी कुटुंबं आहेत. सिन्नर-नगरकडचं देशावरचं जेवण आहे, कसारा घाट चढून आलेली कोकणी घरं आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पट्ट्यातून नागली आणि वरई येते. एक वांगं सगळ्यांच्या हातात दिलं, तर खानदेशची मैत्रीण हिरवट-पांढऱ्या मोठ्या वांग्यांचं भरीत आणते. तिच्याकडे वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर भाजतात आणि भरितात हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालतात. दुसरी दह्यातलं भरीत आणते. तिसरीची भरली वांगी असतात, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला. कोणी वांगीभात करतं. एका भाजीची अशी चार घरं एका पानात येतात, आणि मग जेवताना आपोआप बोलणं सुरू होतं: ‘अगं, तू यात गूळ घालतेस?’

आता हुलगे. कोकणातले लोक कुळीथ म्हणतात. दिसायला तपकिरी, चपटे, साधेसे. दुकानात दिसले तरी हात मुगा-मटकीकडे जातो. पण 100 ग्रॅम हुलग्यांत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि थंडी-पावसात याच्यासारखं पोटाला उबदार दुसरं काही नाही. विषय हुलगे दिला की कोकणातली मंडळी कुळथाचं पिठलं आणतात, कोकम घातलेलं, भाताबरोबर खायचं. कोणी मोड आणून उसळ करतं. कोणी कढण आणतं, कोणी गूळ घातलेलं माडगं. आणि आपल्या नाशिक-नगर-जुन्नरच्या भागातून येतात शेंगोळे.

[ताटात पीठ, बाजूला ठेचलेला लसूण आणि मिरची]

शेंगोळे मी हातानेच दाखवते, कारण हा पदार्थ बघूनच कळतो. हुलग्याचं पीठ दोन वाट्या. त्यात अर्धी वाटी गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ, नुसत्या हुलग्याचं पीठ तुटतं म्हणून. लसूण, हिरवी मिरची आणि जिरं जाडसर वाटून, मीठ, हळद. पाणी बेताने घालत घट्ट मळायचं, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. मग हाताला तेल लावायचं आणि दोन तळव्यांत छोटा गोळा घेऊन असा वळायचा. बघा, आधी लांब होतो, करंगळीएवढा जाड. मग त्याची दोन टोकं जुळवून कडं करायचं.

पातेल्यात तेल तापवून मोहरी, जिरं आणि सढळ हाताने लसणाची फोडणी, थोडं लाल तिखट, आणि वर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळा सोडायचा. सगळे एकदम ओतायचे नाहीत, पाणी गार पडतं आणि शेंगोळे विरघळतात. ज्या ताटात मळलं त्याला चिकटलेलं पीठ पाण्याने खरवडून तेही पातेल्यात ओतायचं. त्यानेच रस्सा दाट होतो, वेगळं काही लावावं लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी एक शेंगोळा बाहेर काढून मोडा. आत मध्यभागी फिकट, कोरडं पीठ दिसलं तर अजून कच्चा आहे. सगळीकडे एकच रंग दिसला की झाला.

पण हा पदार्थ क्लबला न्यायचा कसा? शेंगोळे आपल्याच रश्शातलं पाणी पीत राहतात. गंगापूर रोडवरून इंदिरानगरला पोचेपर्यंत डब्यात रस्सा उरतच नाही. म्हणून घरून निघताना रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवा, शिवाय उकळतं पाणी थर्मासमध्ये वेगळं घ्या आणि वाढायच्या आधी घाला. प्रत्येक पदार्थाबाबत हाच विचार करायचा असतो: दोन तासांनी हा कसा दिसेल? भजी मऊ पडतात, कोशिंबिरीला पाणी सुटतं, म्हणून दही आणि मीठ तिथे पोचल्यावर मिसळायचं. आंबट आमटी बिनकल्हईच्या पितळी भांड्यात नेऊ नका, कळकते. स्टीलचा डबा सगळ्यात बरा.

किती आणायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. समजा पंधराजण आहेत. पंधराजणांनी पंधरा माणसांचं जेवण आणलं, तर सव्वादोनशे पानांचं अन्न झालं! प्रत्येक जण प्रत्येक पदार्थ दोन-तीन चमचेच घेणार आहे. पाच माणसांना पोटभर पुरेल एवढं केलं तरी पुष्कळ होतं. भात दोघांनी आणावा. आणि भाकरी कधीही एकीवर टाकू नका. पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापून जी येते, ती जेवायला बसते तेव्हा दमलेली असते. प्रत्येकाने आपल्या दोन आणल्या की झालं. ज्याला येत नाहीत त्याने कांदा, लिंबू, पापड आणावेत.

आता जरा गंभीर होऊन बोलते, कारण खाणारे आपलेच लोक असतात. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. म्हणून शिजवलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि पारा 32 च्या वर असेल तर एकच तास. नाशिकचा एप्रिल-मे आठवा! गरम पदार्थ वाफाळता असतानाच डब्यात भरा, गार पदार्थ बर्फाच्या पिशवीबरोबर आणा. भाताची विशेष काळजी घ्या. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की पुन्हा जागे होतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष परत गरम करूनही जात नाही. सकाळचा भात दुपारपर्यंत ओट्यावर ठेवून आणू नका.

दुसरं म्हणजे चिठ्ठी. डब्यासमोर कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं: यात शेंगदाणे आहेत का, तीळ, काजू, दूध, गहू, कांदा-लसूण आहे का. आपल्याकडे कूट इतक्या सहज पडतं की घालणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. पण शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला तेवढं एक चमचा कूट जिवावर बेतू शकतं. बाजारच्या तयार हिंगातही बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, तेही लिहा. जैन मैत्रिणींसाठी निदान दोन-तीन पदार्थ वेगळे ठेवा आणि त्यांचे चमचेही वेगळे ठेवा.

आणि आता माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग, कृतीचं कार्ड. मला विचाराल तर क्लब चालतो तो याच्यासाठी. जेवण छान झालं आणि कृती घेऊन कोणीच गेलं नाही, तर ती नुसती पार्टी झाली.

कार्ड लिहायला बसलं की पहिली अडचण येते मापाची. सासूबाई सांगतात, ‘अंदाजे घाल.’ त्यांचा अंदाज चुकत नाही, पण तो त्यांच्या हातात आहे. तो कागदावर आणायचा एक सोपा मार्ग सांगते. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. त्या स्वयंपाकाला लागायच्या आधी पिठाचा डबा, तिखटाचा डबा, तेलाची बरणी, मिठाचं भांडं, सगळं तोलून लिहून ठेवा. मग त्यांना मुळीच अडवू नका. मधेच ‘थांबा, किती घातलंत?’ असं विचारलं की हात बिचकतो. त्यांच्या नेहमीच्या वेगाने होऊ द्या. शेवटी तेच डबे पुन्हा तोला. जेवढं कमी झालं, तेवढं माप. मिठा-तिखटासारख्या थोड्या जिनसांना एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो, साधे डिजिटल काटे तसे मिळतात.

कार्डावर वाट्या-चमच्यांबरोबर ग्रॅम लिहाच, कारण तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी नसते. ‘मंद आचेवर दहा मिनिटं’ लिहिताना काय दिसलं की थांबायचं तेही लिहा. तेल सुटलं, कडेने रस्सा फुटला, लसूण बदामी झाला. आणि हा पदार्थ कुणाकडून आला ते लिहा. आजी, शेजारच्या काकू, शेतावर कामाला येणाऱ्या मावशी, ज्यांच्याकडून आला त्यांचा उल्लेख झालाच पाहिजे.

पुढच्या भेटीत आधी दहा मिनिटं याचसाठी ठेवा: मागच्या महिन्याचं कुणाचं कार्ड कुणी करून बघितलं? कुठे अडलं? जिचा पदार्थ असतो ती तिथेच सांगते, मग कार्डावर एक ओळ वाढते. अशी दोन-तीन घरांतून फिरून आलेली कृती पक्की होते. आमच्यातला एकटा राहणारा मुलगा शेंगोळे शिकला तो असाच. आता तो त्याच्या खोलीवर मित्रांना करून घालतो.

नंबर काढू नका, बक्षीस ठेवू नका. बक्षीस आलं की लोक पनीर आणि काजू घालायला लागतात, आणि घरचं रोजचं जेवण मागे पडतं. आपल्याला तर ते रोजचं जेवणच हवं आहे.

नाशिकसाठी विषय लगेच सुचवते. संक्रांतीच्या आधी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एप्रिलमध्ये वाळवणं, कुरडयांची भाजी करणारी घरं अजून आहेत. श्रावणात कांदा-लसणाशिवायचं जेवण. चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगे, कारण चातुर्मासात ज्यांच्याकडे वांगं वर्ज्य असतं ते तेव्हा वाटच बघत असतात. पावसाळ्यात रानभाज्या तर हव्यातच. त्र्यंबक, हरसूलकडच्या आदिवासी बायका बाजारात कुरडू, टाकळा, करटोली घेऊन बसतात. त्यांना भाव करत बसू नका, करायची कशी ते विचारा. आणि रानभाजी तीच करा, जी ओळखीचं कोणीतरी वर्षानुवर्षं करत आलं आहे. शेवळं आंबट घातल्याशिवाय केली तर घसा खाजतो. काकडं, म्हणजे शेवळांबरोबर मिळणारी आंबट रानफळं, किंवा चिंच लागतेच, आणि हे सांगणारं माणूस सोबत हवं.

पुढच्या भागात हुलग्याचं पीठ: पिठल्यासाठी भाजून, भरडून कसं करायचं आणि शेंगोळ्यांसाठी न भाजता कसं दळून आणायचं, ते दाखवते. तोवर अर्धा किलो हुलगे आणून, निवडून ठेवा. त्यात बारीक खडे असतात.