मालकाचा घाणा

नमस्कार श्रोतेहो. संघ हरला की आपण कोणाला शिव्या घालतो? आधी कर्णधाराला, मग प्रशिक्षकाला, आणि ते दोघं पुरले नाहीत की मालकाला. "त्याला काय, त्याचे पैसे सुटले!" वानखेडेवरून चर्चगेट स्टेशनाकडे परतणाऱ्या निळ्या टी-शर्टांच्या गर्दीत हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. मालकाला चषक हवा असतो की गल्ला, हा आजचा विषय.

हिशेब आधी उरकून घेऊ. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. त्यातला मोठा हिस्सा दहा संघांत वाटला जातो, आणि तळाला राहिलेल्याच्या ताटातही तो पडतो. विजेत्याचं बक्षीस किती? 2025 साली 20 कोटी. म्हणजे वडापाव आधीच हातात आलेला असतो, चषक ही वरची सुकी चटणी. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात, तिथं मालकाची झोप उडते. आपल्याकडे दहावा नंबर आला तरी पुढच्या वर्षी संघ हजर. हरलं तरी पैसे येतात. पुन्हा सांगतो, हरलं तरी पैसे येतात.

बरं, वडापावचं नाव निघालंच आहे, तर आमच्या परळच्या शेठची गोष्ट सांगतो.

शेठ म्हणजे वडापावची गाडी लावणारे आमचे शेजारी. मालक झाल्यावर लोक त्यांना शेठ म्हणू लागले. आमच्या चाळींची टेनिस बॉल स्पर्धा असते, सहा षटकांची, शनिवार-रविवार. पूर्वी चाळ विरुद्ध चाळ असायची. आयपीएल आली आणि आमच्याकडेही लिलाव सुरू झाला. आठ संघ, आठ संघमालक, नाक्यावर हात जोडलेल्या फोटोंचा बॅनर. (त्या बॅनरमागे झाड झाकलं जातं, बसचा थांबा झाकला जातो, पण तो विषय वेगळा.) प्रवेश फी पंधरा हजार, आणि लिलावाला प्रत्येकी एक लाख पॉइंट, खोटे. मी स्कोअरर, त्यामुळे लिलावाची वही माझ्याकडे.

बाकीचे मालक कोण? एक सोनार, दोन बिल्डरकडची माणसं, एक केबलवाला. सगळे तुटून पडले एका डावखुऱ्यावर. पोरगा असा की मैदानाबाहेरच्या इमारतीच्या काचा त्याच्या नावाने ओळखल्या जात. बोली चाळीस हजारांवर गेली. शेठ गप्प. नंतर एक सामान्य पोरगा पुकारला, तेव्हा शेठ माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, हा खेळतो कसा ते राहू द्या. याच्यामागे माणसं किती येतात?"

म्हटलं, "याचं अख्खं ढोल पथक येतं."

शेठनी लगेच हात वर केला.

मग माझ्या लक्षात आलं. शेठनी प्रत्येक चाळीतला एकेक पोरगा उचलला होता. कोणाची चार भावंडं, कोणाचं भजनी मंडळ, एकाची तर आजी खुर्ची घेऊन यायची. आणि मैदानात खाण्याची गाडी एकच लागणार, शेठची, हे त्यांनी मंडळाकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. संघ हरो की जिंको, गर्दीला भूक लागतेच.

शनिवारी संघ दोन सामने हरला आणि संध्याकाळच्या आत पंधरा हजार वसूल झाले. माझं टेबल गाडीला लागूनच होतं, गल्ल्याचा आवाज येत होता. साधा वडापाव, हिरवी मिरची, बस. चीज घातलेला वडापाव शेठनी कधी विकला नाही आणि मी कधी खाल्ला नाही. वडापावात चीज घालणाऱ्यांवर फी लावा, मंडळाची चिंता मिटेल.

तर, रविवारी सकाळी शेठचा संघ तिसरा सामना जिंकला. कसा जिंकला ते वहीत लिहूनही मला कळलेलं नाही. धावगतीवर उपांत्य फेरीत गेले, समोर सोनाराचा संघ, त्यात तो डावखुरा. पहिली फलंदाजी त्यांची. शेवटच्या षटकात शेठच्या संघाला नऊ हव्या होत्या. गाडीपुढे वीसेक माणसं उभी. "शेठ, दोन द्या", "शेठ, चार पार्सल". शेठ झारा हातात धरून मैदानाकडे बघत होते. एक बाई पुन्हा म्हणाल्या, तर शेठ म्हणाले, "गप बसा हो जरा, बॉल बघू द्या!"

गिऱ्हाइकाला. वडापाववाला गिऱ्हाइकाला म्हणाला, गप बसा.

दोन धावांनी हरले. शेवटच्या चेंडूवर ढोल पथकवाला धावबाद. तेवढ्यात जळका वास आला. कढईतला सगळा घाणा काळा पडला होता. शेठनी गॅस बंद केला, त्या ढोलवाल्याला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "माणसं आणलीस, पळायला कोण येणार, तुझा बाप?" दोन दिवस गल्ला भरून दिला तो याच पोरानं!

पुढच्या वर्षी लिलावात शेठनी साठ हजार पॉइंट एकट्या डावखुऱ्यावर टाकले. उरलेल्या चाळीस हजारांत जे उरलं ते घेतलं. संघ शेवटचा आला, ढोल पथक सोनाराकडे गेलं, दोनशेच्या वर वडे शिल्लक राहिले. आमच्या मजल्यावर दोन दिवस वड्यांची आमटी झाली.

वेळ पाहतोय, श्रोतेहो, काचेपलीकडून बोट दाखवतायत. पण एक सांगायला हवं. शेठचे दोन्ही अवतार तुम्हाला मोठ्या मैदानावरही भेटतील. बेंगळुरूच्या संघाला पहिला चषक मिळायला 2025 उजाडलं, अठरावा हंगाम, तरी मैदान दरवर्षी भरायचं. ढोल पथक होतं ना मागे! आणि पैसा ओतून चषक येतो असंही नाही. 2008मध्ये सर्वांत महाग संघ आपला मुंबईचा, 11 कोटी 19 लाख डॉलरचा. सर्वांत स्वस्त राजस्थान, 6 कोटी 70 लाखांचा. पहिला चषक कोणी नेला? राजस्थाननं. मुंबईला 2013पर्यंत थांबावं लागलं, पुढचे चार मग भराभर आले.

उलटंही होतं. याच मुंबईत महिंद्र युनायटेड नावाचा फुटबॉल संघ होता. 2005-06चा राष्ट्रीय लीगचा विजेता. 2010मध्ये कंपनीनं तो बंद केला. जिंकणारा संघ, बंद. तिथं प्रक्षेपणाचे हजारो कोटी नव्हते. कूपरेजला जाणारे आम्ही काही शे लोक, तेही तिकिटावर कुरकुर करणारे. माझं मत विचाराल तर आयपीएलच्या मालकाला गल्ला आधी मिळतो, म्हणून त्याला चषकाची हौस परवडते. गल्ला आधी, म्हणून हौस. फुटबॉलवाल्याला आधी काहीच मिळत नव्हतं.

परवा शेठचा फोन आला. आमची अर्धी चाळ आता पुनर्विकासात गेली, लोक पांगले, तरी मंडळानं स्पर्धा ठेवलीय. म्हणाले, "भाऊ, वही घेऊन या. तो डावखुरा कुठं असतो हल्ली?"

म्हटलं, "बदलापूरला गेला राहायला."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग शेठ म्हणाले, "लोकलनं येईल ना? आणि त्याच्याबरोबर बदलापूरहून किती माणसं येतील हो?"

नमस्कार.