दोन टप्प्यांमधली कोरी जागा

(सांगलीत वाचकांच्या एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आज मी एकच कादंबरी घेऊन आले आहे. थॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स', १८९१ साली पुस्तकरूपात आलेली. मघाशी चहाच्या वेळी कळलं, की तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वाचायला घेतली आणि काहींनी मध्येच ठेवून दिली. ठेवून देणाऱ्यांचं म्हणणं एकच होतं, दुःख फार आणि प्रकरणंही फार.

प्रकरणं ५९ आहेत, हे खरं. पण हार्डीनं ती मोकळी सोडलेली नाहीत. त्यानं त्यांचे सात गठ्ठे बांधले आणि प्रत्येकाला नाव दिलं. त्या गठ्ठ्याला तो 'फेज' म्हणतो. आपण वर्गात त्याचं 'टप्पा' करून पुढे जातो. पण इंग्रजीत हाच शब्द चंद्रालाही लावतात, आणि तिथे आपला शब्द आहे 'कला'. चंद्राची कला बदलते तेव्हा चंद्र काही झिजत नाही, आपल्या बाजूनं दिसणारा उजेड कमी-जास्त होतो. आता पहिल्या दोन टप्प्यांची नावं बघा. पहिला 'कुमारिका', दुसरा 'आता कुमारिका नव्हे'. ही गावाच्या डोळ्यांना दिसलेली टेस, कादंबरीतली गरीब खेडुत घरातली मुलगी. आणि पुस्तकाच्या नावाखाली हार्डीनं स्वतः लिहिलंय, 'शुद्ध स्त्री'. त्या दोन शब्दांवरून तेव्हा इंग्लंडात केवढी बोंब झाली.

आता वाचायचं कसं, ते सांगते. मी ही कादंबरी शिकवायची तेव्हा मुलांना एक वही करायला लावायची. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ आणि तीन रकाने: टेस कुठे आहे, महिना कोणता, आणि तिच्या हाताला काम कोणतं. कथानकाचा सारांश लिहायचा नाही, तो गाइडात मिळतो. ५९ ओळी झाल्या की टप्पे जिथे बदलतात तिथे लाल रेघ मारायची. पहिली रेघ अकराव्या प्रकरणानंतर. पुढचा टप्पा फक्त चार प्रकरणांचा. मग नऊ, दहा, दहा, आठ आणि शेवटचा सात.

कामाचा रकाना वरून खाली वाचला की अंगावर काटा येतो. श्रीमंत म्हातारीच्या कोंबड्या सांभाळणं. सुगीत पेंढ्या बांधणं. टॅल्बोथेजच्या गोठ्यावर गाईंच्या धारा काढणं. मग फ्लिंटकोम-अ‍ॅशच्या माळावर, गारठ्यात, जमिनीत राहिलेले कंद उकरणं. मग मळणीच्या मशीनवर उभं राहून पेंढ्यांचे बंध सोडत दिवसभर माणसाच्या हातात देणं. आणि सातव्या टप्प्यात? रकाना कोरा. सँडबर्नच्या भाड्याच्या बंगल्यात ती उंची कपड्यात आहे, आणि तिच्या हाताला काहीही काम नाही. तिला सोडून गेलेला नवरा एंजल परत येऊन दारात उभा राहतो तेव्हा त्याला दिसते ती ही टेस. तिचं काय झालंय ते कुणी सांगण्याआधी हा रकाना सांगतो.

ही कादंबरी आपल्या भागातल्या मुलांना शिकवताना मला कधी समजावून सांगावं लागलं नाही. हार्डीनं दोन खोरी दाखवलीत, छोट्या गोठ्यांचं आणि मोठ्या गोठ्यांचं. मोठ्या गोठ्यांच्या खोऱ्यात पाणी, कुरण, दुधाच्या घागरी. भिलवडी-पलूसकडच्या मुलांना ते घरचंच वाटायचं. लोणी येत नाही म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरतात; लोण्याला लसणाचा वास लागला म्हणून सगळा गोठा कुरणात रांगेनं वाकून रानलसणाची पात शोधतो. हे प्रसंग मुलं हसत हसत वाचायची. फ्लिंटकोम-अ‍ॅश आलं की जतकडची, माण-खटावकडची मुलं वर बघायची. खडकाळ रान, आडोसा नाही, उक्तं काम. आणि सहाव्या टप्प्याच्या शेवटी बाप मरतो, तीन माणसांच्या हयातीपुरत्या करारानं मिळालेलं घर त्याच्याबरोबर जातं, आणि एप्रिलच्या सुरुवातीला अख्खं कुटुंब गाडीवर सामान लादून निघतं. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या ट्रॉलीवर भांडी, कोंबड्या, पोरं ज्यानं दरवर्षी बघितलीत, त्याला ती गाडी डोळ्यांसमोर आणायला टीपेची गरज पडत नाही.

पण मला आज खरं बोलायचंय ते त्या लाल रेघांबद्दल. रेघेच्या वर काय आहे, खाली काय आहे, हे सगळे बघतात. रेघेत काय गेलं, ते बघा.

पहिली रेघ. अकराव्या प्रकरणात धुकं आहे, जंगल आहे, वाळक्या पानांवर टेस झोपलेली आहे, आणि अलेक, त्या कोंबड्यांवाल्या म्हातारीचा टेसवर डोळा असलेला मुलगा, परत येतो. बारावं प्रकरण उघडतं तेव्हा ती जड टोपली घेऊन घराकडे चाललीय. मधे काही आठवडे गेलेत. ते आठवडे ती त्या घरात कशी राहिली, हे पुस्तकात नाही.

दुसरी रेघ. अलेकपासून झालेलं बाळ गेलं; त्याआधी तिनं स्वतःच रात्री भावंडांना उठवून तांब्यातल्या पाण्यानं त्याचं नाव ठेवलं, ते नाव 'सॉरो', म्हणजे दुःख. तिसरा टप्पा उघडतो तो मे महिन्याच्या सकाळी, अलेकच्या घरून, ट्रँट्रिजहून, परतल्याला दोन वर्षं उलटून गेल्यावर.

तिसरी आणि पाचवी रेघ मात्र नुसती वळणं आहेत, तिथे काही गळलेलं नाही. म्हणून त्यांच्यापाशी मी थांबत नाही.

चौथी रेघ मला सगळ्यांत मोठी वाटते. लग्नाची रात्र. एंजल आपली जुनी चूक सांगतो, टेस क्षणात माफ करते. मग ती तिची हकिगत सांगायला सुरुवात करते, आणि टप्पा संपतो. पुढचा टप्पा सुरू होतो तेव्हा तिचं सांगून झालेलं आहे. चौतीस प्रकरणं आपण ज्या क्षणाची वाट बघितली, तो क्षण पानाच्या कोऱ्या जागेत गेला. तिच्या तोंडचा एकही शब्द आपल्याला ऐकू आला नाही. त्याऐवजी हार्डी शेगडीतला विस्तव आणि खोलीतल्या वस्तू दाखवतो. त्या वस्तूसुद्धा तिच्यावर हसल्यासारख्या दिसतात.

आणि सहावी रेघ. ती अलेककडे परत गेली, हे आपल्याला एंजलच्या पावलांमागून चालत चालत कळतं. तिनं हो कधी म्हटलं, कोणत्या दिवशी, घरात त्या वेळी खायला काय उरलं होतं, काही नाही.

म्हणजे चार वेळा टेसच्या आयुष्यातला निर्णायक भाग टप्प्यांच्या मधे पडलाय. काहींना हा हार्डीचा भित्रेपणा वाटतो. त्या काळी अडचण होतीच. 'ग्राफिक' साप्ताहिकात कादंबरी क्रमशः छापताना त्याला जंगलातली रात्र आणि बाळाचा बाप्तिस्मा काढून टाकावा लागला. ते तुकडे त्यानं दुसऱ्या नियतकालिकांत वेगळे दिले. पाणी साठलेल्या वाटेवरून एंजल चार गवळणींना एकेक करून उचलून नेतो, तिथे साप्ताहिकासाठी त्याच्या हातात हातगाडी द्यावी लागली. पण पुस्तक करताना त्यानं हे सगळं परत आपल्या जागी बसवलं, आणि तरीही लग्नाच्या रात्रीची हकिगत कोरीच ठेवली. ती जागा संपादकानं केलेली नव्हे, ती त्याची स्वतःची. माझं मत असं, की टेसला ऐकून घेणारं कुणी नाही ही गोष्ट त्याला सांगायची नव्हती, आपल्याकडून करवून घ्यायची होती. आपणही ऐकलं नाही.

एका वर्षी मी वर्गाला काम दिलं, की ही कोरी जागा भरा. टेस त्या रात्री काय बोलली ते मराठीत लिहा, एक पान. बहुतेकांनी जंगलापासून सुरुवात केली, मी पण तशीच केली असती. जत तालुक्यातली एक मुलगी होती, वर्गात फारशी न बोलणारी. तिच्या टेसनं सुरुवात केली घोड्यापासून. 'मला गाडीवर झोप लागली, म्हणून आमचा घोडा मेला,' असं तिचं पहिलं वाक्य होतं. बाप पिऊन पडलेला, मधमाश्यांची पोळी पहाटे बाजारात पोचवायची, पोरगी गाडी हाकता हाकता पेंगते, समोरून टपालगाडी येते आणि तिचा दांडा घोड्याच्या, प्रिन्सच्या, छातीत घुसतो. टेस हातानं ती जखम दाबायला जाते आणि रक्तानं भिजते. पुढे त्या मुलीनं लिहिलं होतं, 'घोडा गेला म्हणून मला त्यांच्याकडे पाठवलं. तिथेही मला झोप लागली.'

मी त्याआधी कित्येक वर्षं ही कादंबरी शिकवत होते. त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझ्या वहीत चौथ्या प्रकरणाची ओळ काढली. कामाच्या रकान्यात 'गाडी हाकणे' एवढंच लिहिलेलं होतं. मी त्यापुढे 'झोप' लिहिलं, आणि अकराव्या प्रकरणापुढेही.